जंगलातला फाटा

“मूळ कुठलं?” असं त्या तपकिरी कोटवाल्यानं विचारलं, तेव्हा गॉटहार्ड लिंडेकला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. छोट्या आगगाड्या करणारी माणसं भेटली की नमस्काराऐवजी एकमेकांना हेच विचारतात. तुम्ही टेबलावर उभं केलेलं स्टेशन खरोखरीच्या जगात कुठं आहे, एवढाच त्याचा अर्थ. गॉटहार्डनं छाती फुगवून सांगितलं, “हेच. आपलं वाल्डेनरोडे. दारातून बाहेर पडून उजवीकडे वळलात की समोरच.”

कोटवाल्यानं मान डोलावली. खिशातून घडीची लाकडी मोजपट्टी काढून त्यानं ती डोंगराच्या कडेला धरली आणि मालधक्क्यामागून निघून जंगलात शिरणाऱ्या रुळावर बोट नेलं. बोट टेकवलं नाही. जाणकार माणूस कधी टेकवत नाही.

“हा फाटा खरंच आहे का हो?”

तेव्हा कुठं गॉटहार्डच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात आपण काय करून बसलोय ते त्याला दिसलं. प्रदर्शनाच्या सभागृहात दालचिनीचा वास होता, पोरं आईबापांच्या खांद्यावर बसून गाड्या बघत होती, कोपऱ्यात सॉसेजसाठी रांग लागली होती. नाताळाआधीच्या चार रविवारांतला पहिला, आमच्या गावाचा वर्षातला सगळ्यात आनंदाचा दिवस. आणि गॉटहार्डनं मागे कोणी ऐकतंय का ते बघितलं.

“नाही,” तो म्हणाला. “ती... कल्पना आहे.”

कल्पना! गावातल्या छोट्या गाड्यांच्या मंडळात हा शब्द शिवीसारखा वापरत. एखाद्यानं छपराला चुकीची कौलं लावली की म्हणायचे, याची कल्पनाशक्ती फार बुवा.

कोटवाल्यानं जंगलाच्या तोंडाशी असलेल्या इवल्या फाटकाकडे वाकून बघितलं. “कल्पनेतल्या फाटकाला असा बिजागरीपासून गंज चढत नाही,” तो म्हणाला, सिगारेटच्या पाकिटावर काहीतरी टिपून घेतलं आणि गर्दीत मिसळून गेला.

आता तो फाटा काय होता ते सांगायला हवं. वाल्डेनरोडे स्टेशनातून एक रूळ डावीकडे वळून पाइनच्या जंगलात जायचा. मालगाडीच्या झाकलेल्या वाघिणी आत जायच्या, रिकाम्या बाहेर यायच्या. आत रशियन सैनिक होते एवढं सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यापुढचं ठाऊक नसलेलंच बरं हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पोस्टात टांगलेल्या नकाशावर त्या जागी नुसता हिरवा रंग होता. आमच्याकडे पोर चालायला लागलं की त्याला दोन गोष्टी शिकवत: गरम शेगडीला हात लावायचा नाही, आणि त्या झाडांकडे बोट दाखवायचं नाही. भिंतीच्या पूर्वेकडच्या जर्मनीत आम्ही असेच वाढलो. बघायचं, पण दिसू द्यायचं नाही.

मग गॉटहार्डनं तो फाटा टेबलावर का घातला? तर तो तिथं होता म्हणून. दुसरं कारणच नाही. हा माणूस दातांच्या कवळ्या करायचा. दुसऱ्याच्या तोंडात अर्धा केस इकडेतिकडे झालं तर माणसाला जेवता येत नाही, हे त्याच्या हाडीमासी मुरलेलं. कवळ्यांच्याच प्लास्टरनं त्यानं वाल्डेनरोडेचा डोंगर उभा केला, दात कोरायच्या हत्यारांनी फलाटाच्या फरश्या कोरल्या, खऱ्या रुळाखालची खडी खलबत्त्यात कुटून, चाळून छोट्या रुळाखाली पसरली. मंडळाच्या बाकीच्यांनी वरचेवर येऊन मापं तपासली. खांब किती अंतरावर, पाण्याची टाकी कुठल्या बाजूला झुकलेली, यावरून हाणामाऱ्यांची वेळ आली. पण हा फाटा दाखवायचा नसतो, असं एकाच्याही मनात आलं नाही! ते सगळे बरोबर की चूक एवढंच बघत होते, आणि फाटा अगदी बरोबर होता. अशी चूक करायला आमच्या मंडळाचीच माणसं हवीत.

दुपारी गॉटहार्ड घरी जेवायला गेला. बायको रोझविटा बटाट्याचे गोळे वाढत होती. त्यानं सगळं सांगितलं तेव्हा तिचा हात डावासकट हवेतच राहिला.

“मोजपट्टी होती त्याच्याकडे?”

“होती.”

“आणि लिहून घेतलं?”

“पाकिटावर.”

“मी तुला म्हटलं होतं,” रोझविटा आवाज दाबून म्हणाली, आणि उठून तिनं आधी रेडिओ मोठा केला. “म्हटलं होतं की नाही, डोंगरावर किल्ला कर म्हणून? छानसा किल्ला. लोकांना आवडतात किल्ले.”

“वाल्डेनरोडेला किल्ला नाहीये, रोझविटा.”

“नसलेला किल्ला बांधला म्हणून कोणी तुरुंगात जात नाही!”

गोळे थंड झाले. त्यांची मुलगी उलरिके त्या हिवाळ्यात येनाला डॉक्टरीच्या प्रवेशासाठी धडपडत होती, आणि बापाच्या नावाला डाग लागला तर पोरीच्या नशिबी फार तर दवाखान्याची फरशी पुसणं, हे दोघांनाही न बोलता कळत होतं. पण खरं सांगायचं तर गॉटहार्डला त्या घटकेला पोरीचीसुद्धा भीती नव्हती. त्याला आपलीच भीती वाटत होती. आपल्याला नेतील, बंद खोलीत बसवतील, दिवा तोंडावर मारतील. त्याची लाज वाटत होती, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

“उपटून टाक,” रोझविटा म्हणाली. “उद्या हॉल बंद असतो ना? जा, आणि उपटून टाक तो मेला रूळ.”

सोमवारी त्यानं मंडळाचे अध्यक्ष ट्रॉमलर मास्तर यांच्याकडून किल्ली घेतली. तारा तपासायच्यात म्हणून सांगितलं. मास्तर म्हणाले, “तपासा, तपासा. काल वर्तमानपत्रवाला फोटो काढून गेलाय. चार बाजूंनी काढले. आपलं स्टेशन आता जिल्हाभर गाजणार, लिंडेक!” आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. गॉटहार्डला ती थाप बेड्यांसारखी लागली.

रिकाम्या सभागृहात तो आपल्या स्टेशनासमोर उभा राहिला. वाळलेल्या रानफुलांच्या तुऱ्यांची झाडं त्यानं खोक्यात भरून आणली होती. रूळ उपटायचा, त्या जागी जंगल लावायचं, झालं. त्यानं पहिला रूळ चिमट्यात धरला आणि त्याचा हात थांबला. काल शेकडो लोकांनी हा फाटा बघितला. फोटो निघालेत. तपकिरी कोटवाल्यानं तर मापं नेलीत. उद्या तो परत आला आणि इथं झाडं दिसली, तर काय म्हणेल? म्हणेल, गुपित आहे हे या माणसाला माहीत होतं, म्हणून तर पुसलं. ठेवावं तर गुन्हा, काढावं तर कबुली. गॉटहार्डनं झाडं लावली. मग काढली. मग अर्धी लावली. अर्ध्या जंगलातून डोकावणारा रूळ पहिल्यापेक्षा जास्त चोरटा दिसायला लागला, तेव्हा त्यानं तीही काढली.

“काय रे, झाडं लावतोस की उपटतोस? एक काय ते ठरव.”

गॉटहार्ड दचकून एवढा मागे फिरला की पाण्याची टाकी कोपरानं आडवी झाली. दारात एडगार उभा होता. एडगार पाउश, स्टेशनातला रूळ बदलणारा सांधेवाला, गॉटहार्डचा जिवाभावाचा दोस्त. प्रदर्शनात छोट्या गाड्या चालवायचं काम तोच करायचा, आपली खरी टोपी घालून, खऱ्या सांध्यांवर असतो तेवढ्याच गंभीर चेहऱ्यानं. एक बटण अडकत होतं ते दुरुस्त करायला तो आला होता.

“तुझा चेहरा बघ आरशात,” एडगार म्हणाला. “कवळी गिळल्यासारखा झालाय.”

“एडगार, त्या फाट्याबद्दल तू मला जे सांगितलंस... ते आणखी कुणाला सांगितलंस का?”

“कुठल्या फाट्याबद्दल?” एडगार डोळा मिचकावून म्हणाला. “मला नाही बुवा कुठला फाटा माहीत.” आणि शीळ घालत तो टेबलाखाली शिरला.

कारण वळणाचं माप, फाटकाची जागा, पलीकडच्या रुळाचा शेवट, हे सगळं एडगारनंच दिलं होतं. बाहेरून ते दिसणं शक्यच नव्हतं. अळंबी गोळा करायला जाणाऱ्यांना कुंपणाच्या कितीतरी आधीच परत फिरवत. पण एडगारला वाघिणींबरोबर फाटकापर्यंत जावं लागायचं. एकदा गुत्त्यात गॉटहार्डनं फारच भुणभुण लावली तेव्हा एडगारनं बिअरमध्ये बोट बुडवून टेबलावर ते वळण काढलं, फाटक काढलं. “बघितलंस? आता विसर,” असं म्हणून बाहीनं पुसूनही टाकलं. पण वळण विसरणं गॉटहार्डला जन्मात जमलं नसतं.

त्या वेळी तो एडगारला सांगू शकला असता. टेबलाखाली फक्त दोन बूट दिसत होते, सभागृहात दुसरं कोणी नव्हतं. मित्रा, एक माणूस मापं घेऊन गेलाय, सांभाळून राहा, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण त्याला वाटलं, एडगार घाबरेल, आणि घाबरलेला माणूस काय बोलेल याचा नेम नाही. स्वतः घाबरलेल्याला दुसऱ्याच्या भीतीचा फार लवकर संशय येतो. तो आडवी झालेली टाकी परत त्याच बाजूला झुकवून चिकटवत बसला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते कुणाच्याही वाट्याला येऊ नयेत. समोरच्या बेकरीपाशी एक करडी गाडी उभी राहायला लागली. ती पूर्वीपासून उभी राहायची की नाही, हे गॉटहार्डला काही केल्या आठवेना. शेजारीण जिन्यात भेटली आणि म्हणाली, “प्रदर्शन फारच सुंदर झालंय हं,” तर तो विचार करत बसला की ‘फारच’ का म्हणाली. येनाहून उलरिकेचं काही कळत नव्हतं. एरवी तिथून कधीच वेळेवर कळत नाही, पण आता त्याला त्यातही कोणाचा तरी हात दिसायला लागला. कामावर त्यानं एका म्हातारीची खालची कवळी उलटी बसवली. डॉक्टर ओरडले, आणि कोणीतरी उघडपणे ओरडतंय याचंच त्याला बरं वाटलं.

“असं नाही चालायचं,” एका सकाळी रोझविटा म्हणाली. तिच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं. “ते येण्याची वाट बघत बसलास तर इथंच मरशील. आपण होऊन जा. सांग, चूक झाली, लक्षात आलं नाही. आपण होऊन आलेल्या माणसाला ते असं... तसं नाही करत म्हणे.”

“कोण म्हणे?”

“लोक म्हणतात.”

तिनं त्याचा चांगला कोट झटकला, बूट पुसून दिले. लग्नाला निघाल्यासारखा तयार होऊन तो गावातल्या गुप्त पोलिसांच्या त्या घराकडे गेला, ज्याच्या खिडक्यांचे पडदे कधी उघडत नसत आणि ज्याला आम्ही नुसतं ‘कोपऱ्यावरचं घर’ म्हणायचो.

आत एक तरुण अधिकारी बसला होता. स्वेटर घातलेला, गुळगुळीत दाढी, उलरिकेपेक्षा फार मोठा नसेल. त्यानं गॉटहार्डला खुर्ची दिली, कॉफी दिली. दिवा तोंडावर वगैरे काही मारला नाही. गॉटहार्डनं घोकून आणलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. तरुण भुवया आक्रसून ऐकत राहिला.

“थांबा,” तो म्हणाला. “कुठला फाटा?”

या तरुणाला काही माहीत नव्हतं! तपकिरी कोटवाल्यानं काही कळवलं नव्हतं, वर्तमानपत्रातला फोटो कोणी निरखून बघितला नव्हता, कुणीच आलं नव्हतं, कुणी येणारही नव्हतं. आपल्या पायांनी चालत येऊन आपणच सांगितलं. उठून पळावंसं वाटलं त्याला, पण कॉफीचा कप हातात होता.

तरुणानं शांतपणे कोरा कागद समोर ओढला. “प्रामाणिकपणे आलात, फार बरं केलंत. तुमच्याबद्दल आम्हाला काही शंका नाही. फक्त एक सांगा. कुंपणाच्या आतलं वळण तुम्हाला बाहेरून तर दिसलं नसणार. कुणी सांगितलं?”

गॉटहार्ड कॉफीच्या कपाकडे बघत बसला. तरुणानं घाई केली नाही, आवाज चढवला नाही. उलट विचारलं, “मुलगी येनाला अर्ज करतेय ना तुमची? हुशार आहे म्हणे.”

“एडगार,” गॉटहार्ड म्हणाला. “एडगार पाउश.”

केवढं सोपं होतं! दुखरा दात काढल्यावर होतं तसं क्षणभर एकदम हलकं वाटलं. पुढच्या क्षणाला तोंड रक्तानं भरतं, ते नंतर.

“छान,” तरुण लिहिता लिहिता म्हणाला. “तो फाटा काढू नका. जसा आहे तसा राहू द्या. आणि त्याबद्दल कोणी जास्त चौकशी केली, तर येऊन सांगत चला. आता आपली ओळख झालीच आहे.”

पुढच्या रविवारी प्रदर्शनात एडगारची खुर्ची रिकामी होती. खरी टोपी नव्हती, शीळ नव्हती. ट्रॉमलर मास्तर स्वतः बटणं दाबत होते आणि गाड्या एकमेकींवर आदळत होत्या. “सर्दी झाली असेल पाउशला,” मास्तर म्हणाले. त्यांनी गॉटहार्डच्या डोळ्यांत बघितलं नाही. त्या दिवशी मंडळातलं कोणीच कोणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं. एडगारच्या बायकोला स्टेशनावर ‘वाट बघू नका’ एवढंच सांगितलं गेलं, ही बातमी सॉसेजच्या रांगेतून हळू आवाजात पुढं सरकत होती. गॉटहार्डनं ती पाठमोरं राहून ऐकली. त्याला वाटलं, आपल्या पाठीवर सगळं लिहिलेलं असणार.

आणि तेवढ्यात तपकिरी कोट आला. बरोबर एक गोलमटोल बाई, हातात पुठ्ठ्याचं खोकं.

“हेच ते!” कोटवाला बायकोला म्हणाला. “हेच ते गृहस्थ, मी सांगत होतो ना.” मग गॉटहार्डचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवत राहिला. “मी ओबरलाउटाचा. बस चालवतो तिथं. आमचं मंडळ नाही, मी एकटाच घरी करतो. मागच्या रविवारी तुमचं काम बघितलं आणि आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नाही हो!”

“मलापण नाही,” गॉटहार्ड पुटपुटला.

“झोपेतसुद्धा तुमचा फाटा, तुमचा फाटा,” बाई हसून म्हणाली. “मी म्हटलं, अरे देवा, आता लग्न करतो की काय त्याच्याशी.”

कोटवाल्यानं खोकं उघडलं. आत कापसात ठेवलेलं वळणाचं एक टोक होतं, त्यावर नुकतीच लावलेली खडी. तो जवळ आला. त्याच्या तोंडाला आल्याच्या बिस्किटांचा वास येत होता. “आमच्याकडेही आहे एक,” तो कुजबुजला. “तुमच्यासारखाच. जंगलात जातो. रोज बसमधून दिसतो मला. इतकी वर्षं मी आमचं स्टेशन करतोय, आणि त्या जागी येऊन थांबतो. झाडं लावून टाकतो. प्रत्येक वेळी स्वतःचीच शरम वाटते. मग तुमचा बघितला. गंजासकट! म्हटलं, हा माणूस घाबरला नाही. मग मीच का घाबरतोय?” त्याचे डोळे भरून आले होते. “चालू केलंय मी. ही बघा सुरुवात. तुमच्यामुळं धीर आला.”

नका करू, असं गॉटहार्डला म्हणायचं होतं. जाळून टाका ते, आत्ताच्या आत्ता, आणि बायकोला घेऊन घरी जा. शब्द अगदी ओठांवर आले. पण मग त्याच्या मनात आलं, यालाच पाठवला असेल तर? मी येऊन सांगतो की नाही हे बघायला? बायको, खोकं, भरलेले डोळे, हे सगळं शिकवून पाठवलं असेल तर? त्यानं त्या माणसाचा चेहरा कवळीचा साचा तपासावा तसा निरखून बघितला. चेहरा साधा होता. पण आता गॉटहार्डला खरं कोणतं आणि खोटं कोणतं ते ओळखता येत नव्हतं, त्याला, ज्यानं जन्मभर दुसरं काही केलं नव्हतं.

“फार सुंदर,” तो म्हणाला. आवाज स्थिर होता आणि त्या स्थिरपणाचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली. “आतलं वळण तुम्हाला कुणी सांगितलं?”

“माझा मेहुणा तिथं कामाला आहे ना,” माणूस आनंदानं म्हणाला. “एकदा याच तुम्ही. दाखवतो सगळं. हिच्या हातचा केक खाऊन बघा.”

“येईन,” गॉटहार्ड म्हणाला. “आपलं नाव काय म्हणालात?”